उलट्या सावलीचा शब्द

धाकटीने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी अक्षरं नटवायला घेतली. त्याआधी एकवीस वर्षं ती एका कचेरीत टंकलेखनिक होती. कचेरी बंद पडली, तेव्हा चौकातल्या छपाईच्या दुकानात तिला काम मिळालं. पाट्या, ओळखपत्रं, वह्यांची वेष्टनं, असलं किरकोळ काम. दुकानातल्या संगणकात चित्रं सजवायचं सॉफ्टवेअर होतं, पण मालकांना त्यातलं छपाईचं बटण तेवढं ठाऊक.

मग तिने वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. इतकी जाडजूड, की एकावर बसून दुसरं वाचावं. प्रत्येक प्रकरणात एक करामत : बर्फाची अक्षरं, दगडात कोरलेली अक्षरं, जळती अक्षरं, सोन्याची अक्षरं. पुस्तकं सॉफ्टवेअरपेक्षा म्हातारी होती. पुस्तक म्हणे, वरच्या यादीतला तिसरा पर्याय निवडा. यादी उघडावी तर तिथे दोनच पर्याय. एका प्रकरणातलं तर नेमकं हवं ते पान कुणीतरी फाडून नेलेलं. तरी ती धडपडत, चुकत, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून शिकत राहिली. कचेरीत आयुष्यभर एकाच ठशाची काळी अक्षरं उमटवली होती. आता एका अक्षरावर ऊन पाडता येत होतं, त्याची सावली कागदावर टाकता येत होती. तिला झोपेतही चित्राचे एकावर एक रचलेले थर दिसायचे.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. थोरली शिवणकाम करायची आणि दिवसभर बोलायची. धाकटीने सरावासाठी 'ताई' हा शब्द ज्वाळांत काढून, छापून तिच्यापुढे ठेवला.

"मला जिवंतपणीच कशाला जाळतेस गं?" थोरलीने चष्म्यावरून बघत विचारलं.

"अगं, ते प्रकरण नववं आहे."

"मग दहाव्यात विझव."

एके दिवशी मालकांनी एक चिठ्ठी पुढे केली. "बाई, एका नाटक मंडळीचं काम आहे. त्यांना रंगमंचावर डॉक्टरची खोली उभी करायची आहे. भिंतीवर टांगायला पदवीचं प्रमाणपत्र हवंय. सोनेरी, एकदम खरं वाटलं पाहिजे. नावाची जागा रिकामी ठेवा. आणि हा 'दंतवैद्यक' शब्द वेगळा बदलता येईल असा ठेवा, दुसऱ्या अंकात डॉक्टर बदलतो म्हणे."

धाकटीला आकाश ठेंगणं झालं. तीन दिवस ती त्या कागदावर झुकलेली होती. गोल सोनेरी मुद्रा, तिच्या कडेने वळत गेलेली अक्षरं, अक्षरांना उठाव, उठावाला झळाळी. पुस्तकात ठळक छापलं होतं : सगळ्या थरांवर प्रकाश एकाच बाजूने पडू द्या. तिने तो डावीकडून पाडला. पण 'दंतवैद्यक' हा शब्द तिने नंतर, वेगळ्या बैठकीत केला आणि त्यावर प्रकाश चुकून उजवीकडून पडला. सगळ्या अक्षरांच्या सावल्या उजवीकडे, त्या एका शब्दाची डावीकडे. चूक लक्षात आली तेव्हा काम देऊन झालं होतं.

"मालक, मी पुन्हा करून देते."

"राहू द्या हो. सावली कोण बघतंय?"

पाचेक महिन्यांनी थोरलीची दाढ ठणकायला लागली. लवंगेचं तेल झालं, गुळण्या झाल्या, शेजारणीचे सल्ले झाले. शेवटी गाल सुजला आणि बोलणं थांबलं, तेव्हा धाकटी घाबरली. मागच्या गल्लीत नवीन दवाखाना निघाला होता. तळमजल्यावर, जिना नाही, गर्दी नाही. दोघी तिथे गेल्या.

डॉक्टर तरुण होते आणि बोलायला गोड. "मावशी, मुंगीसुद्धा चावणार नाही," म्हणत त्यांनी थोरलीला खुर्चीत आडवं केलं, गळ्याशी कागदी रुमाल बांधला, गालात कापसाचा बोळा ठेवला. धाकटी तिचा चष्मा आणि पिशवी धरून भिंतीशी उभी राहिली. बहिणीचा आ वासलेला जबडा बघवेना म्हणून तिने मान वळवली. समोर पदवीची चौकट होती.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं, काय सुरेख उठाव दिलाय. मग तिची नजर 'दंतवैद्यक' या शब्दावर गेली.

सावली डावीकडे होती.

तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. मुद्रा तिची होती. काठावरची वळती अक्षरं तिची होती. नाटक, नाटक, एवढंच डोक्यात घुमत होतं. पण ही खुर्ची खरी होती, दिवा खरा होता, आणि डॉक्टर दिव्यापुढे सुई धरून तिच्यातली हवा काढत होते.

"थांबा!" ती ओरडली. "ताई, ऊठ. गॅस चालू राहिलाय."

"मी मंद केवा," थोरली बोळ्यातून म्हणाली. "आठमतंय मवा."

"तू दुधाखालचा बंद केलास. दुसरा राहिलाय. ऊठ!"

"दोन मिनिटांचं काम आहे, मावशी," डॉक्टर हसून म्हणाले. मग त्यांनी धाकटी कुठे बघतेय ते बघितलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण सुई धरलेला हात हळूच खाली गेला. धाकटीने रुमालासकट बहिणीला खुर्चीतून ओढून काढलं.

रस्त्यावर आल्यावर थोरलीने बोळा थुंकला. "दूध सकाळी तापवलं होतं! वेड लागलंय का तुला?"

धाकटी एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. "ताई, ती पदवी मी केलीय. दुकानात. पुस्तकात बघून."

थोरलीने धाकटीच्या हातातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि दवाखान्याच्या दाराकडे बघत राहिली. तिथे एक म्हातारा काठी टेकत आत शिरत होता. थोरली धावली. त्याच्या दंडाला धरून तिने त्याला बाहेर आणलं. "आजोबा, आज डॉक्टर नाहीत," ती म्हणाली.

थोरलीला सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसवून धाकटी तशीच दुकानात गेली. मालक जेवायला घरी गेले होते. तिने संगणक उघडला. तिची एकच फाइल होती, आता तिथे चार होत्या. मालकांनी तिच्या पुस्तकात कागदाची खूण घालून ठेवली होती, नेमकी सोनेरी अक्षरांच्या पानावर. एका फाइलमध्ये 'दंतवैद्यक' होतं. दुसरीत 'अस्थिरोग'. तिसरीत 'नेत्ररोग'. चौथीत 'बालरोग'. नावं चार, आणि बदललेल्या त्या एका शब्दाची सावली चारही ठिकाणी तशीच डावीकडे.

बालरोग वाचून ती मालकांची वाट बघायला थांबली नाही.

तिने चारही फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, पुस्तक काखेत मारलं आणि पोलीस ठाणं गाठलं. तिथल्या फौजदार बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हीच केलंत हे कशावरून?"

"संगणक द्या, करून दाखवते."

"यात तुम्हीही अडकाल, कळतंय ना?"

"कळतंय."

ठाण्यातल्या संगणकात ते सॉफ्टवेअर नव्हतं. शेजारच्या फोटो स्टुडिओतून लॅपटॉप आला. तासाभरात धाकटीने कोऱ्या पानावर सोनेरी मुद्रा उभी केली. मागे चार शिपाई गोळा झाले होते.

मालकांना त्याच संध्याकाळी उचललं. "शोभेच्या वस्तू विकल्या, कोण कुठे टांगतो ते मी बघत नाही," असं ते म्हणाले म्हणे. गोड बोलणारा तरुण पळून गेला होता. खुर्ची आणि दिवा तेवढे राहिले. थोरलीची दाढ दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यात निघाली. धाकटीने किती जबाब दिले त्याचा हिशेब नाही. घरी आली की हात धूत बसायची.

आठवड्याने फौजदार बाई तिला बालरोगाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. ओळख पटवायला. भिंतीवर मुलांनी काढलेली घरं, सूर्य, हत्ती चिकटवलेले होते आणि मधोमध ती चौकट. "हीच," ती म्हणाली. पंचनामा सुरू झाला.

बाकावर एक तरुण आई बाळाला खांद्यावर घेऊन बसली होती. कुणी सांगूनही ती उठत नव्हती.

"उगाच बदनाम करताय देवमाणसाला," ती धाकटीला म्हणाली. "माझं बाळ इथेच बरं झालं. भिंतीवर एवढी मोठी पदवी आहे, दिसत नाही का तुम्हाला?"

"ती मी केलीय," धाकटी म्हणाली.

आईला आधी कळलं नाही. ती चौकटीकडे बघत राहिली, मग धाकटीच्या हातांकडे. तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, धाकटीपासून लांबच्या, आणि पिशवीतली औषधाची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

"मग हे काय आहे?" तिने विचारलं. "तीन महिने मी त्याला हे काय पाजतेय?"