मधली जागा

कल्पना करा हं, तुम्ही एका जुन्या पिकअपमध्ये बसला आहात. पुढे एकच लांबलचक सीट, बाकासारखी. एका टोकाला स्टिअरिंग धरून बाबा, दुसऱ्या टोकाला अर्धवट झोपेतला दादा, आणि मधे तुम्ही. समोरची अख्खी काच तुमची! बसलात? आता गुडघे जरा दादाकडे वळवा. का, ते पुढे कळेलच.

आपल्या गोष्टीतली मुलगी रोज सकाळी अशीच बसायची. दिवसभर तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. पण त्या मधल्या जागेवर मात्र ती शहाण्यासारखी बसे. बाबा रोपवाटिकेतली रोपं घरोघरी पोचवायचे आणि जाता जाता तिला शाळेत सोडायचे.

त्या सीटच्या आतल्या स्प्रिंगा कधीच्या मोडल्या होत्या. संध्याकाळी गाडीतून उतरताना बाबा आधी दार धरत, मग कंबर धरत आणि मग कुठे सरळ होत. डॉक्टरांनी बजावलंच होतं, सीट बदला, नाहीतर गाडी चालवणं सोडा.

म्हणून आत्या आली होती. बाबांची मोठी बहीण, गाड्यांच्या सीट बसवण्यात मुरलेली. एका बऱ्याच नव्या गाडीच्या दोन सुट्या सीट तिने आणल्या होत्या. दोन्ही कडा उचललेल्या, बसणाऱ्याला कुशीत घेणाऱ्या.

“दोनच?” भिंगरीने विचारलं.

“दोनच मावतात गं. मधे गिअरचा दांडा आहे ना.”

“मग मी?”

“तू शाळेच्या बसने जा,” बाबा म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. ती एका पालथ्या कुंडीवर जाऊन बसली. ठरवलं होतं, बघायचंच नाही. पण आत्याचं काम असं, की रुसलेल्या माणसाचीही नजर हटू नये!

जुनी सीट निघाली. खाली माती, सुकलेली पानं आणि भिंगरीचा हरवलेला खोडरबर. आत्याने सगळं झाडलं आणि छोट्या हातोडीने तळाचा पत्रा टिकटिक वाजवत नेला. “इथे ठणठणीत आहे. इथे गंजलाय, इथे बोल्ट नको.” नव्या सीटचे पाय जुन्या भोकांशी कुठेच जुळत नव्हते. आत्याने पुठ्ठ्यावर सीट दाबून पायांचे ठसे घेतले, ते कापून साचा केला आणि तो पत्र्यावर ठेवला. मग जाड लोखंडी पट्ट्या काढल्या.

“त्या कशाला?” भिंगरीच्या तोंडून निघूनच गेलं.

“पत्रा पातळ आहे. जोरात ब्रेक लागला तर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येईल. खालून ही पट्टी लावली की जोर वाटला जातो. माझा भाऊ बसणार आहे इथे, कुंडी नाही!”

सीट नुसत्या ठेवून तिने बाबांना आत बसवलं. “अरे, पाहुण्यासारखा काय बसतोस? रोजच्यासारखा बस!”

बाबा सवयीने एका बाजूला कलले.

“बघा! त्या मोडक्या सीटने माझ्या भावाचं पार वाकडं खोड केलंय.”

आत्या सीटखाली लाकडाचे तुकडे सरकवत राहिली. एक घाल, एक काढ, पुन्हा बघ. अखेर बाबांनी पाठ टेकली आणि डोळे मिटले.

“ताई, दुखत नाहीये गं.”

बाबांचा असा निवांत चेहरा भिंगरीने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

“चला, आता भोकं पाडू.” आत्याने ड्रिल उचललं.

भिंगरीची नजर गिअरच्या दांड्याकडे गेली. अंगण उतरतं होतं, म्हणून गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली असे आणि दांडा पार पुढे. आत्ता सगळं मोकळं दिसत होतं. पण दुसऱ्या गिअरला तो सरळ मागे येतो, हे भिंगरीच्या गुडघ्यांना पक्कं ठाऊक होतं. दांडा मागे यायच्या आत ती रोज गुडघे बाजूला घ्यायची. बाबांची नजर रस्त्यावर, दादा पेंगुळलेला. दुसऱ्या कुणाला कसं कळणार?

आता दांडा दादाच्या सीटला अडणार. ती गप्प राहिली, तर नव्या सीट फसतील. मग कदाचित जुनी सीट परत येईल. मधल्या जागेसकट.

बाबांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

ड्रिल गुरगुरलं.

“आत्या, थांब!” भिंगरी धावत आत चढली आणि दोन सीटच्या मधे, नुसत्या पत्र्यावर, गुडघे वळवून आपल्या जागी बसली. “बाबा, ब्रेक दाबा आणि दुसरा टाका.”

बाबांनी टाकला. दांडा मागे आला आणि खट्‌कन दादाच्या सीटला आपटून मधेच अडकला.

आत्याने ड्रिल खाली ठेवलं. “आई गं! सगळी भोकं चुकीच्या जागी गेली असती की! आणि मी स्वतःला उस्ताद समजते.” मग तिने भिंगरीकडे पाहिलं. “बोल बाई, किती सरकवू?”

भिंगरीने आत्याच्या कानामागचा खडू काढून घेतला आणि आपल्या गुडघ्याच्या कडेने पत्र्यावर एक रेघ ओढली. मग ती उठली आणि दोन्ही हातांनी दादाची सीट त्या रेघेपलीकडे ढकलू लागली.