रेंज येते तिथली ओल

शेताच्या खालच्या तुकड्यात रेंज नव्हती आणि थोरल्या भावाला धीर नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो शहरात मुलीकडे पडून होता आणि पडल्या पडल्या फोनवरून शेत चालवत होता. मातीत रोवलेला सेन्सर ओल मोजायचा, आकडा फोनवर जायचा, आणि तो बघून थोरला तिथूनच पंपाजवळचा व्हॉल्व्ह उघडायचा. पण खालच्या तुकड्यातला आकडा मधूनच दडी मारायचा. मग धाकट्या भावाचा फोन वाजायचा.

"अरे, आकडा कुठाय? झोपलायस का?"

"दादा, सेन्सरला आता मी हाका मारू का?"

रोज हेच. शेवटी धाकटा वैतागला. त्याने सेन्सर उपटला आणि वर पाण्याच्या टाकीशेजारी, रेंज येते तिथे, रोवून टाकला. दोन दिवस दादाला समाधान, आपल्याला शांतता, मग परत खाली नेऊ. टाकी पाझरते, तिथली माती कायम ओली असते हे त्याला ठाऊक होतं, पण तापलेल्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते.

आकडा आला. भरपूर ओल! थोरला खूश, खालचं पाणी बंद, फोनवरचं डाफरणंही बंद. तेवढ्यात वरच्या शेतात बटाट्याची काढणी निघाली आणि धाकटा सेन्सर पार विसरला.

तीन आठवड्यांनी आठवण झाली तेव्हा तो धावतच खाली गेला. थोरल्याने स्वतःच्या हाताने बांधलेली लिंबाची कलमं वाळून गेली होती. धाकट्याने साल खरवडून पाहिली. आत हिरवं काहीच नव्हतं. हातानेच व्हॉल्व्ह उघडून वेड्यासारखं पाणी सोडलं, आणि मग सेन्सर आणून मुकाट्याने जुन्या जागी रोवला. हे करताना त्याला स्वतःची शिसारी आली, तरी हात थांबले नाहीत.

काही दिवसांनी थोरला शहरातून काठी टेकत आला. वाळक्या कलमांवरून हात फिरवत गेला.

"चूक माझीच," तो म्हणाला. "यंत्रावर विसंबलो. तू इथे होतास, तुला एका शब्दाने विचारलं नाही. उलट तुझ्यावरच ओरडत राहिलो. राग धरू नकोस रे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी स्वतःच दोर गळ्यात घालून चोराची माफी मागत होता. खरं काय ते धाकट्याच्या अगदी ओठांपर्यंत आलं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

"असू दे दादा," तो म्हणाला. "होतं असं."

थोरल्याला बरं वाटलं. भावाच्या खांद्यावर सगळा भार टाकून तो घराकडे चालू लागला.