कॅमिलाच्या अर्जातला चौकोन

दुबईच्या करामा भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये मी लोकांचे सरकारी अर्ज भरते. अरबी मला कुणी शिकवलं नाही; काउंटरवर बसून, चुका करत, गिऱ्हाइकांची बोलणी खात शिकले. त्यामुळे कॅमिलाने सरकारी विभागाचं पत्र माझ्यापुढे टाकलं, तेव्हा ते वाचणं माझ्याच वाट्याला आलं.

कॅमिला वसईची, पेशाने नर्स. कोविडच्या साली तिच्या क्लिनिकने तिला सरकारी तपासणीसाठी मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमध्ये पाठवलं. तिथेच लागण झाली. फुप्फुसं गेली ती गेलीच, पाठोपाठ नोकरीही. तिचं मागणं एवढंच, की हे आजारपण सरकारी ड्यूटीवर आलं, हे सरकारने मान्य करावं. मान्य झालं तर इथे उपचार, इथे राहणं. नाहीतर खलास, वसई.

"मोठ्याने वाच ना, अनु. फादरसारखी तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

"'नोंदीनुसार अर्जदार स्वयंसेवक म्हणून आली होती. स्वेच्छेने पत्करलेल्या धोक्याची कायदेशीर जबाबदारी शासनावर येत नाही.'"

"व्हॉलंटियर? मी?" ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली. "अगं, रोस्टर होतं! दहा मिनिटं लेट झालं की सुपरवायझर सगळ्यांसमोर झापायचा. व्हॉलंटियरला कोण झापतं?"

"मम्मा, डोन्ट शाउट. जस्ट ब्रीद," तिची लेक टेसा म्हणाली.

"तेच करतेय बाई. तेवढंच काम उरलंय."

मला हसू आलं नाही. कॅम्पमध्ये शिरायच्या पाससाठी केलेल्या तिच्या जुन्या अर्जाची प्रत पत्राला जोडली होती आणि त्या प्रतीवर आमच्या सेंटरचा शिक्का होता.

त्या वर्षी क्लिनिकची सरकारी कामं बघणारा खैरुद्दीन चाळीस नर्सेसच्या पासपोर्टच्या प्रती घेऊन आला होता. "मॅडम, व्हॉलंटियर पे टिक मारो, पास कल मिलेगा. स्टाफ लिखोगे तो हफ्ता जाएगा. यल्ला, जल्दी!" मी चाळीस वेळा टिक मारली. वाटलं, पोरींचं काम झटपट करून दिलं. पास लगेच आला म्हणून कॅमिलाने मला केक पाठवला होता, तोही मी मिटक्या मारत खाल्ला.

"कॅमिला, ती टिक मी मारली."

तिने अर्जाची प्रत स्वतःकडे ओढली. "मला न विचारता?"

"कुणालाच नाही विचारलं."

"मी सरकारला शिव्या द्यायला बसले होते," ती हळूच म्हणाली. "तू कशाला मध्ये आलीस?"

मी लिहून देते म्हटलं. क्लिनिकच्या सांगण्यावरून व्हॉलंटियरचा चौकोन मी भरला, नर्सेसना विचारलं नव्हतं. हे बाहेर गेलं की मालक मला काढणार, आणि नोकरीबरोबर माझाही व्हिसा जाणार, हे मात्र तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला थांबवलं असतं, आणि मी थांबले असते.

मी अरबीत आणि खाली इंग्रजीत टाइप केलं, सही केली. तिने इंग्रजीतला शब्द न् शब्द वाचला, कागद पर्समध्ये ठेवला.

"अपील तीस दिवसांत ना?"

"हो. मी आत्ताच बसते—"

"नको. दुसरीकडे टाइप करून घेते. कुठे बरं करतात?"

मी मागच्या गल्लीतल्या अर्सलानचं दुकान सांगितलं. "तो प्रत्येक चौकोन गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो. वेळ लागतो जरा."

"लागू दे," ती म्हणाली, आणि टेसाचा हात धरून उठली.