तळणाच्या तेलाची किटली

इंदुमतीबाईंच्या ओट्यावर झाकणाची एक स्टीलची किटली असे. तळण उरकलं की तेल फडक्यातून गाळून तिच्यात जायचं. पुढच्या तळणाला निम्मं ते, निम्मं नवं. किटली कधी रिती होऊ द्यायची नाही, ही सासूबाईंची शिकवण. "विरजणासारखं असतं ते," त्या म्हणत, "जुन्यानं नव्याला वळण लागतं." नवऱ्याच्या पलटणीमागून झाशी झाली, जोधपूर झालं, शेवटी जयपुरात मुरलीपुऱ्याला घर झालं, पण ते विरजण काही मोडलं नाही. ज्ञानोबा सुभेदारांना कडबोळी लागत ती त्याच तेलातली.

या थंडीत फाटक उघडता उघडता ज्ञानोबा छाती धरून खाली बसले. डॉक्टरांनी मनगटातून नळी घालून बुजलेली रक्तवाहिनी उघडली, आत जाळी बसवली. नात कौमुदी इस्पितळाच्या त्याच हृदयविभागात काम करायची. दुसऱ्या दिवशी तिनं आजीला संगणकापुढे बसवलं.

"हे बघ, आजोबांचं दिल. मतलब, हृदय. जाळी बसवण्याआधीचं."

करड्या पडद्यावर एक निष्पर्ण झाड डोलत होतं. औषधाचा रंग सुटला की फांद्या काळ्याभोर उमटायच्या आणि दोन ठोक्यांत विरून जायच्या. बावन्न वर्षं इंदुमतीबाईंनी त्या छातीवरच्या सदऱ्याला इस्त्री केली होती, बिल्ले लावले होते. आत असं झाड आहे, आणि ते एक दिवसही सुट्टी न घेता हलतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी नकळत हात जोडले.

एक फांदी मात्र मध्येच दोऱ्याएवढी झाली होती.

"इथं काय झालं गं?"

"रक्तातली चरबी रक्तवाहिनीच्या अस्तराखाली अडकते, तिथे खवट होते. मग पहाऱ्यावरच्या पेशी येऊन तिला गिळतात. गिळतच राहतात. शेवटी फुगून, फेसासारख्या होऊन तिथेच मरतात. त्यांचा थर साचतो."

"जागा सोडत नाहीत?"

"नाही आजी."

सुभेदाराची बायको त्या फांदीकडे वाकली. मग हळूच म्हणाली, "खवट... माझ्या किटलीनं झालं का हे?"

"एकट्या किटलीनं नाही गं. विड्या, वय, बीपी, सगळंच आहे. पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणं वाईटच. आणि ही दुसरी फांदी बघ, अर्धी बुजलीय. ती इथेच थांबवायचीय आपल्याला."

घरी येताच इंदुमतीबाईंनी किटली रिती केली. चार थेंब फाटकाच्या बिजागऱ्यांना घातले, बाकीचं तेल बाटलीत भरून टाकून दिलं. मग किटली घासायला घेतली. तळाशी तपकिरी, चिवट थर होता. सोडा झाला, गरम पाणी झालं, नखानं खरवडून झालं, तो सुटेना. पडद्यावरची ती दोऱ्याएवढी फांदी आठवून त्यांचा हात थांबला. त्यांनी किटली भंगारात ठेवली.

आठवड्यानं घरी आलेल्या ज्ञानोबांपुढे भाजलेली कडबोळी आली.

"ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची?"

"अहो, खा गुमान."

त्यांनी एक मोडलं, चावलं, तोंड वाकडं केलं. इंदुमतीबाईंनी वाकून त्यांच्या छातीला कान लावला.

"आता काय ऐकतेस, म्हातारे?"

"थांबा हो. चालू आहे ते."

ज्ञानोबांनी मान हलवली आणि दुसरं कडबोळं उचललं.