देव दोन दिवस जेवला नाही

महाप्याच्या कंपनीनं मला काढलं तेव्हा लॅपटॉप, ओळखपत्र आणि आरोग्यविमा एकाच दुपारी परत घेतला. पाण्याची बाटली तेवढी ठेव म्हणाले. तिच्यावर छापलंय, ‘आपण एक कुटुंब.’

जुईनगरच्या सोसायटीत मी एकटाच राहतो. साताऱ्याला आईबाबांच्या लेखी मी अजून नोकरीत आहे. दाराशेजारी लोक पान खाऊन थुंकायचे, म्हणून भिंतीला देवाची टाइल लावली. अशी टाइल सगळेच लावतात, पण गुडघ्याच्या उंचीवर. मी छातीच्या उंचीवर लावली. गुडघ्याशी देव असला की लोक थुंकत नाहीत. छातीशी असला की हात जोडतात आणि खालच्या कट्ट्यावर केळी ठेवतात.

केळी मी खायचो. बेकार माणसाला दुसरा भत्ता कोण देतंय?

दाराआडून सगळं ऐकू यायचं. सोसायटीतल्याच पोपटकाकांचं ड्रायव्हरचं काम गेलेलं, अरविंदकाकांचं दुकान बंद पडलेलं. गेल्या महिन्यात पार्किंगवरून दोघांनी एकमेकांचे शर्ट फाडले. गाडी दोघांकडेही नाही. आता दोघं आळीपाळीनं टाइलपुढे यायचे आणि एकच मागायचे, “देवा, कुठंतरी चिकटव.”

रोज इतकी माणसं माझ्या दारापर्यंत यायची. बेल कोणी वाजवायचं नाही. एकदा मी आतून मुद्दाम खोकलो. बाहेरची बाई म्हणाली, “आवाज दिला हो देवानं!” आणि दुसऱ्या दिवशी पेढे आले.

मग मला ताप भरला. दोन दिवस उठवेना. मेलो तर कळणार कोणाला, याचा विचार करत पडलो होतो आणि बेल वाजली.

दारात पोपटकाका.

“काय रं, देव दोन दिस जेवला नाय?”

“म्हणजे?”

“केली तशीच हायेत. काली पडली.”

“देवाला ताप आलाय, काका.”

“मंग सांगायचं नाय?”

“कोणाला?”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जिना उतरून गेले. परत आले ते पेजेची वाटी आणि तापाची गोळी घेऊन. माझ्या हातात दिली नाही. टाइलपुढे ठेवली, हात जोडले.

“त्याला सांग, आधी पेज, मंग गोली.”

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. काका माझ्याकडे पाठ करून जिन्याकडे बघायला लागले.

“मी बगत नाय. घे. आनि वाटी धुऊन दे, अरविंदच्या घरची हाय.”