वरच्या कप्प्यावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. घडलो तेव्हा तीन कप्प्यांचा होतो, आज मोजाल तर दोनच भरतील. तिसरा कुठं गेला, तेच सांगायचं आहे.

पुंजारामनं मला छावणीच्या बाजारात घेतलं आणि दुकानातच वरच्या कप्प्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. फुलंब्रीहून तो रोज शहरातल्या कारखान्यात जायचा. एसटीत मी त्याच्या मांडीवर. जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती पाच-सहा हात हमखास जमायचे, कारण त्याच्या बायकोच्या, द्वारकाबाईच्या, दशम्या नि ठेचा साऱ्या कारखान्यात नावाजलेला. तो ज्या यंत्रावर राबायचा ते जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून आलेलं. त्यावरची पाटी पुसताना म्हणायचा, "हे गाव एकदा पाहायचंच."

मग ते न पाहताच पुंजाराम वारला आणि मी फडताळात पडलो. सात वर्षं माझी कडी कुणी उघडली नाही. फार वाईट दिवस होते ते.

गेल्या उन्हाळ्यात द्वारकाबाई जर्मनीला लेकीकडं, तनुजाकडं निघाली, तेव्हा तिनं मला लख्ख घासून पिशवीत घातलं.

"आई, तिकडं डबे मिळतात गं," तनुजा फोनवर हसली.

"मिळत असतील. ह्यांचा नाय मिळत."

एका रविवारी तनुजा आणि नात संस्कृती तिला न्यूरेंबर्गला घेऊन गेल्या. सकाळी जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. तटबंदी नि वेशी पाहून द्वारकाबाई म्हणाली, "ह्यात काय नवल? आपल्याकडं शहरात पावलोपावली जुने दरवाजे हायेत." पण किल्ल्याच्या कठड्यावर तिनं मला अलगद ठेवलं आणि हळूच म्हणाली, "बघा, आलं तुमचं गाव."

माझ्या पत्र्याला तेव्हा काय वाटलं, ते मलाच ठाऊक.

तनुजा नि संस्कृती बुरूज चढायला गेल्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारा एकटाच कोरडा पाव चावत होता. द्वारकाबाईला राहवलं नाही. शेजारणीला द्यावा तसा दशम्या-ठेच्यासकट वरचा कप्पाच तिनं त्याच्या हातात दिला. आपल्याकडं दिलेलं भांडं परत येतं, तेही रिकामं नाही, चिमूटभर साखर तरी घालून. त्या म्हाताऱ्याला हे कोण सांगणार? तो उठला, छातीवर हात ठेवून वाकला, कप्पा झोळीत घालून निघून गेला.

द्वारकाबाई निवांत बसून राहिली. तनुजा आली तेव्हा म्हणाली, "भांडं धुवून आणायला गेलाय."

"आई, इथं दिलं म्हणजे दिलंच. तो नाही यायचा आता."

द्वारकाबाईचा चेहरा उतरला. "अगं, त्याच्यावर नाव होतं."

गाडीची वेळ होईपर्यंत तिघी गल्ल्यागल्ल्यांतून फिरल्या. म्हातारा सापडला नाही. गाडीत संस्कृती आजीला बिलगून म्हणाली, "आजोबांना इथंच राहायचं असेल." द्वारकाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आता मी फुलंब्रीत आहे. कडी सैल बसते, उचललं की खुळखुळतो. तरी ती नवा डबा घेत नाही.

मित्रांनो, कुणाचं भांडं तुमच्या घरी राहिलं असेल, तर आजच देऊन या. साखर नसेल तर नसू द्या. जिनं जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही, ती द्वारकाबाई दर रविवारी फोनवर लेकीला सांगते, "तिकडं गेलीस आन् तो दिसला, तर त्याला म्हण, रिकामं दिलं तरी चालंल."