शिरीषचं बारसं

टीव्हीवर त्याच्या खर्चाची चर्चा झाली की आमच्या जिराफाची मान वाढायची. आकडा मोठा असला की जास्त वाढायची. महापालिकेने खुलासा केला तरी वाढायचीच, कारण मग खुलाशावर चर्चा व्हायची. छप्पर उंच करावं लागायचं, त्याचा नवा खर्च व्हायचा आणि संध्याकाळी पुन्हा चर्चा.

मी प्राणिसंग्रहालयाची जनसंपर्क अधिकारी. पत्रकारांचे फोन मीच घ्यायची. फोन ठेवून खिडकीबाहेर पाहिलं की मान आणखी वर गेलेली असायची. मला फार वाईट वाटायचं. त्या बिचाऱ्याने कुणाकडे एक पानसुद्धा मागितलं नव्हतं.

सोमवारी आमचे अधीक्षक घोसाळकर साहेब म्हणाले, "बारसं झाल्याशिवाय तो आपला होत नाही. आज दिवेलागणीच्या आत झालं नाही, तर ज्या बोटीने आला, तिच्यात परत चढवायचा."

"एवढी मान बोटीत मावेल, साहेब?"

"दुमडतील," ते म्हणाले. "बोटवाले दुमडतात."

जिराफाला या शहरात आत्या नव्हती, म्हणून ठराव करून मला नेमलं. पाळणा बांधला, घुगऱ्या शिजल्या, बरीच भांडाभांडी होऊन शिरीष हे नाव ठरलं. सगळं यथासांग झालं. फक्त नाव कानात सांगायचं असतं आणि कान कुठे आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

अग्निशमन दलाची शिडी मागवली. मी पदर खोचून चढू लागले. खाली रेवती नावाची वार्ताहर माइक धरून उभी होती.

"शिडीचं भाडं कोण देणार, मॅडम?"

कान हातभर वर गेला. तिने पुन्हा विचारलं, तो पुन्हा गेला. शेवटी शिडीच संपली.

"उतरा आता," घोसाळकर साहेब खालून म्हणाले. "दिवे लागत आलेत. बोटवाले दोर घेऊन आलेत."

मी शिडी सोडली आणि मानेला मिठी मारली. मान ऊबदार होती. आता रेवतीने काहीही विचारलं तरी मान वाढून मलाही वर नेत होती. तिने भरपूर विचारलं. हळूहळू तिचा आवाज बारीक झाला, मग ऐकूच येईना. उरलेलं अंतर मी सरकत सरकत चढले.

वर छान वारा होता. कित्येक महिन्यांत मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. मी कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि म्हणाले, "शिरीष."

कान हलला. मान वाढायची थांबली. खूप खाली दिवे लागले, पण झालं होतं. आता त्याला कुणी दुमडणार नव्हतं. मी तिथेच थोडी रडले.

नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत बुक्के मारतात. वर बायका नव्हत्या. तरी एक हलका बुक्का बसला. वळून पाहिलं तर शिरीषची हनुवटी होती. त्याने तोंड माझ्या कानाशी आणलं आणि कुर्र केलं. मग एक नाव सांगितलं. ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मी ओ दिली.